परवलीचा शब्द

विद्यापीठात नव्याने नाव दाखल करणाऱ्या विद्यार्थ्यास पहिल्याच आठवड्यात हल्ली ज्या विधींतून जावे लागते, त्यांतील एकाचा विचार आपल्या धर्मचर्चेत अद्याप फारसा झालेला नाही. विद्यार्थ्यास एक क्रमांक मिळतो; त्या क्रमांकाचे संगणकावर एक खाते असते; आणि ते खाते प्रथम उघडण्यासाठी कार्यालयाने दिलेला एक तात्पुरता शब्द असतो. पहिल्याच खेपेस हा उसना शब्द टाकून देऊन त्याने स्वतःचा नवा शब्द योजावयाचा असतो. तो योजून झाला, की त्याच्याकडून एक वचन घेतले जाते: हा शब्द मी कोणासही सांगणार नाही; मित्रास नाही, गुरूस नाही, आईबापांसही नाही. बहुतेक विद्यार्थी हे वचन न वाचताच देतात, ही गोष्ट निराळी.

इंग्रजीत ज्याला पासवर्ड म्हणतात त्या शब्दाला मराठीत ‘परवलीचा शब्द’ असे सुरेख नाव आहे. या शब्दाच्या तांत्रिक बाजूविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हांस येथे निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. ज्या घरांत बापाच्या खिशातील पैसे आणि मुलाच्या पेटीतील पुस्तके यांस कधी कुलूप लागले नाही, जेथे आलेले पत्र ज्याच्या हाती पडेल त्याने फोडून सर्वांसमक्ष वाचावयाचे अशी रीत होती, त्या घरांतील सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आपल्यापाशी एक अक्षर असे ठेवावे की जे जन्मदात्यासही कळता कामा नये, हे धर्म्य आहे काय? पुष्कळ वडीलधाऱ्यांस हा नियम उर्मटपणाचा वाटतो. तो त्यांस तसा का वाटतो हे समजून घेतल्यावाचून त्याचे समर्थन करणे बरे नाही.

आपल्या समाजात माणसाची ओळख ही नेहमी उघडी गोष्ट राहिली आहे. इंदूरहून वा वडोदऱ्याहून चार पिढ्यांनी एखादा कुळावी गोव्यात आपल्या कुलदैवताच्या दारी येतो, तेव्हा तो आपले नाव, गोत्र आणि मूळ गाव सांगतो. पुरोहित दोन-चार प्रश्न विचारतो, कोणा वृद्धाला त्याच्या आज्याचे नाव आठवते, आणि ओळख पटते. संकल्पात नाम-गोत्राचा उच्चार मोठ्याने होतो. यांत गुपीत असे काहीच नाही. किंबहुना जितकी अधिक माणसे तुम्हांस ओळखतात तितकी तुमची ओळख अधिक पक्की. साक्षीदारांच्या संख्येवर उभी असलेली ही ओळख आहे.

संगणकापुढे हे सर्व निरुपयोगी ठरते. त्याला चेहरा ठाऊक नाही, आवाज ठाऊक नाही, आज्याचे नाव ठाऊक असलेच तर ते इतर दहाजणांसही ठाऊक आहे. ज्या यंत्रापुढे कोणीही बसून ‘मी अमुक’ असे म्हणू शकतो, त्या यंत्रास दोन माणसांतील भेद कळावयाचा तो केवळ एका गोष्टीने: एकाला ठाऊक असलेले दुसऱ्यास ठाऊक नाही यानेच. येथे ओळख साक्षीदारांच्या संख्येने पक्की होत नाही. ती प्रत्येक नव्या साक्षीदारागणिक पातळ होत जाते. आपल्या सवयीच्या नेमके उलट असे हे आहे, आणि वडीलधाऱ्यांच्या मनातील अस्वस्थतेचे मूळ येथेच असावे असे आम्हांस वाटते.

जुन्या फौजांतील परवलीचा शब्द याहून वेगळा होता. तो पहाऱ्यावरील सर्वांस एकच असे आणि पुनःपुन्हा बदलला जाई. त्याने ‘हा आपल्यांपैकी आहे’ एवढेच कळे. हा कोण, हे कळत नसे. विद्यापीठातील शब्द ‘हा कोण’ या प्रश्नाचे उत्तर देतो. म्हणून त्याचे खरे साम्य परवलीशी नसून मुद्रिकेशी आहे.

या पद्धतीचा जन्मही विद्यापीठातच झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 साली एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था दाखवून दिली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, तेव्हा प्रत्येकाचे लिखाण वेगळे राहावे, प्रत्येकाला वाटून दिलेला वेळ त्याच्याच नावे मोजला जावा, म्हणून प्रत्येकास एक शब्द देण्यात आला. व्यवस्था नवी होती तोच तिचा भंगही झाला. अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्यास आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. 1962 साली त्याने सर्वांच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि इतरांच्या नावावर आपले काम पुरे केले. ही गोष्ट त्याने पुढे कित्येक वर्षांनी स्वतःच सांगितली. 1966 साली तर कोणी चोरी न करताच घोटाळा झाला. दोन संचिका लिहिताना त्यांची अदलाबदल झाली, आणि यंत्रापाशी येणाऱ्या प्रत्येकास त्या दिवशीच्या सूचनेऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची संपूर्ण यादी वाचावयास मिळाली!

शेर याने काय चोरले, असा प्रश्न विचारून पाहावा. त्याने कोणाचे लिखाण नष्ट केले नाही, कोणाचे द्रव्य नेले नाही. त्याने वेळ घेतला, आणि तोही ज्ञानार्जनासाठी. येथे एक जुनाच आक्षेप डोके वर काढतो. विद्येचे धन चोरास नेता येत नाही, भावाभावांत वाटले जात नाही आणि दिल्याने वाढते, असे आपण लहानपणी शिकलो. मग विद्येच्या घरालाच कुलूप कशासाठी? हा आक्षेप केवळ आपल्याकडीलच आहे असे नाही. त्याच संस्थेत पुढे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 1970 नंतरच्या दशकात परवलीच्या शब्दांस उघड विरोध केला; ज्ञानाचा व्यवहार करणाऱ्या मंडळींत अशी दारे बंद करणे हे सत्ताधाऱ्यांच्या सोयीचे असते, असे त्यांचे मत होते, आणि शब्दाची जागा रिकामीच ठेवा असा सल्ला ते सहकाऱ्यांस देत. पुष्कळांनी तो मानलाही.

या मताविषयी आम्हांस आदर आहे. ज्या ग्रंथालयात एखादा गरीब मुलगा केवळ खाते नाही म्हणून ग्रंथ वाचू शकत नाही, त्या ग्रंथालयाच्या कुलुपाचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु विद्यापीठातील खाते उघडून आत पाहिले, तर तेथे विद्येपेक्षा निराळ्याच वस्तू अधिक आढळतात. तेथे गुणपत्रिका आहे, शुल्काचा हिशोब आहे, विद्यार्थ्याने लिहून पाठविलेला निबंध आहे, त्याच्या नावाने पत्र धाडण्याची सोय आहे. हे विद्याधन नव्हे. हे त्याचे नाव आहे. विद्या दिल्याने वाढते. नाव दिल्याने वाढत नाही. दुसऱ्याने वापरलेले नाव परत आले तरी ते जसेच्या तसे परत येत नाही. तेव्हा कुलूप आहे ते विद्येला नव्हे, कर्तृत्वाला आहे. ‘हे मी केले’ असे म्हणण्याच्या अधिकाराला, आणि ‘हे मी केले नाही’ असे म्हणण्याच्या अधिकारालाही आहे. यांतील दुसरा अधिकार पहिल्याहून मोलाचा आहे, हे तो गमावल्यावर कळते.

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाचा सारा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. अमात्य राक्षस नगर सोडताना आपले कुटुंब चंदनदास या मित्राच्या घरी ठेवतो. आपल्या नावाची मुद्रिका त्याने पत्नीपाशी दिलेली आहे. पुरुषाच्या बोटाच्या मापाची ती मुद्रिका स्त्रीच्या बोटात सैल बसते. चाणक्याचा हेर यमपट घेऊन दारात गात असताना एक लहान मूल कुतूहलाने बाहेर येते, त्याला आत ओढताना ती मुद्रिका गळून पडते आणि घरंगळत हेराच्या पायाशी येते. पुढे चाणक्य राक्षसाच्याच एका विश्वासू माणसाच्या हातून, त्याला कशासाठी ते कळू न देता, एक पत्र लिहवून घेतो आणि त्यावर ही मुद्रा उठवितो. ते पत्र मलयकेतूच्या हाती पडते तेव्हा राक्षस निरपराध असूनही त्याला बोलावयास जागा उरत नाही. मुद्रा त्याची आहे, अक्षर त्याच्या मित्राचे आहे. तो कोणाला आणि काय सांगणार?

या कथेत दुष्टपणा कोणी केला, हे पाहू गेल्यास चाणक्याचे नाव पुढे येते. परंतु मुद्रिका हातची गेली ती दुष्टपणाने नव्हे, प्रेमाने. राक्षसाने ती पत्नीस दिली, हे स्वाभाविकच होते. पत्नीने मुलाला आत ओढले, हेही स्वाभाविक होते. कोठेही पाप नाही. केवळ एक वस्तू, जी एकाच बोटासाठी घडविलेली होती, ती दुसऱ्या बोटात गेली. आपला शब्द मैत्रिणीस सांगणारी मुलगी, ‘माझा निबंध तेवढा तूच पाठवून दे’ म्हणून खाते मित्राच्या स्वाधीन करणारा मुलगा, हे सर्व याच वळणावर उभे असतात. देणारा उदार असतो, घेणारा प्रामाणिक असतो, आणि मूल दारातून बाहेर डोकावतेच.

उदारपणाविषयी आपल्या धर्मशास्त्राचे एक बोलणे येथे फार उपयोगी पडते. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत दुसरे पद ‘निक्षेप’ म्हणजे ठेव हे आहे, आणि त्याला लागूनच तिसरे ‘अस्वामिविक्रय’, म्हणजे जे आपले नव्हे ते विकणे. दान देता येते ते स्वतःच्या वस्तूचे. ठेवीचे दान होत नाही. विद्यापीठाचे खाते हे विद्यार्थ्याचे आहे असे आपण बोलतो खरे, पण ते त्याच्या स्वामित्वाचे नाही. संस्थेने विशिष्ट कामासाठी, विशिष्ट काळापुरते त्याच्या नावे ठेवलेले ते एक दार आहे, आणि त्या दारातून आत गेल्यावर केवळ त्याचाच नव्हे तर इतरांच्याही घरांचा रस्ता लागतो. ते मित्रास देणे हे औदार्य नव्हे. ठेवीचा विनियोग आहे. कायद्यानेही हे मानले आहे: दुसऱ्याचा परवलीचा शब्द कपटाने वापरणे हा 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने आलेल्या कलमानुसार अपराध असून त्यास 3 वर्षांपर्यंत कारावास आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

आता आईबापांचे काय, या कठीण भागाकडे वळू. बाप शुल्क भरतो, आई गुणांची वाट पाहते. त्यांच्यापासून लपवाछपवी करणे हा धर्म नव्हे, यात शंका नाही. परंतु लपविणे आणि न देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मुलाने स्वतः खाते उघडून गुणपत्रिका आईबापांपुढे ठेवावी. हवे ते सर्व दाखवावे. शब्द मात्र देऊ नये. दाखविण्याने विश्वास राखला जातो, आणि न देण्याने बापाचेही रक्षण होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. उद्या त्या खात्यावरून काही अनुचित घडले, तर ज्यांस शब्द ठाऊक आहे त्या सर्वांवर संशयाची छाया पडणार. ज्याला शब्द ठाऊकच नाही, त्याला कोणी विचारू शकत नाही. 16व्या शतकात आपल्या पूर्वजांनी कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते नदीपार अंत्रुज महालात नेली. त्या संकटकाळी ज्या माणसाला वाट ठाऊक नव्हती त्याच्याकडून ती बळजबरीनेही काढून घेता येणे शक्य नव्हते. अशा वेळी आप्तास न सांगणे हा त्याच्यावरील अविश्वास नसतो. त्याच्या खांद्यावरचे एक ओझे कमी केलेले असते.

याला उत्तर म्हणून आम्हांस रामानुजाचार्यांची कथा ऐकविली जाते, आणि ती योग्यच आहे. गोष्ठीपूर्णांनी अठरा वेळा परत पाठवून मग दिलेला मंत्र, कोणास सांगशील तर नरकात जाशील असे बजावलेले असताना, आचार्यांनी गोपुरावर चढून सर्वांस मोठ्याने सांगितला. इतके लोक तरत असतील तर मी एकटा नरकात जाईन, असे त्यांचे म्हणणे पडले. मग गुपीत फोडणे हाच खरा धर्म नव्हे काय? परंतु मंत्र आणि परवलीचा शब्द यांत भेद आहे, आणि तो मूलगामी आहे. मंत्र सर्वांसाठी एकच असतो. त्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी असते. तो हजारांनी जपला तरी झिजत नाही. मुंजीत गायत्री वस्त्राआड कानात सांगितली जाते, पण ती कोणास ठाऊक नाही? तेथे गुप्तता आहे ती देण्याच्या रीतीत आहे, वस्तूत नाही. परवलीच्या शब्दाच्या अंगी स्वतःचे असे काहीच नाही. तो निरर्थक अक्षरांचा पुंजका असला तर अधिकच उत्तम. त्याचे सगळे मोल तो एकट्याचा असण्यात आहे. गोपुरावरून तो ओरडून सांगितला तर कोणी तरत नाही. केवळ एकजण बुडतो. जे गुपीत उघडल्याने सर्वांचे भले होते ते दडविणारा कृपण, आणि जे उघडल्याने कोणाचेच भले होत नाही ते उघडणारा उतावळा. दोन्ही गुपितांस एकच मापाने मोजणे आम्हांस मान्य नाही.

याच भेदामुळे आपल्या समाजातील एका सर्वत्र आढळणाऱ्या सवयीविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक झाले आहे. श्रद्धाळू घरांतील मुलामुलींस शब्द योजावयास सांगितला, की पहिल्यांदा ओठांवर येते ते कुलदैवताचे नाव, आणि त्यापुढे जन्मसाल. यामागील भाव आम्हांस कळतो. देवाच्या नावाने आरंभ करावा, देव राखील, असे मनात असते. पण नाम ही वस्तू मुळातच उघडी आहे. ते चव्हाट्यावर, टाळमृदंगाच्या गजरात घ्यावयाचे. ते सर्वांचे आहे यातच त्याचे थोरपण. सर्वांच्या मालकीची वस्तू आपल्या एकट्याच्या पेटीचे कुलूप म्हणून वापरणे हे भक्तीचे काम नव्हे, आळसाचे आहे. ज्याच्या गळ्यात मंगेशाचे पदक आहे आणि ज्याच्या घराच्या फाटकावर ‘श्रीमंगेश प्रसन्न’ लिहिले आहे, त्याचा परवलीचा शब्द ओळखण्यास चोराला पंचांग पाहण्याची गरज नाही.

हा आळस आपल्याच लोकांचा आहे असे मात्र समजू नये. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या दोघांनी 1979 साली आपला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी 3,289 शब्द गोळा करून तपासले. त्यांतील 15 तर एकाच अक्षराचे होते, 72 दोन अक्षरांचे, 464 तीन अक्षरांचे, आणि शेकडो सरळ कोशातून उचललेले. एकंदर 2,831, म्हणजे शेकडा 86, सहज ओळखता येण्याजोगे निघाले. या मॉरिस यांच्याच मुलाने, कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी असताना, 1988 च्या नोव्हेंबरात संगणकांच्या जाळ्यात एक स्वयंचलित आज्ञावली सोडली. इतर वाटांबरोबरच लोकांचे सोपे शब्द ओळखूनही ती यंत्रामागून यंत्रात शिरत गेली आणि हजारो यंत्रे तिने अडवून धरली. बापाने दाखविलेले भोक मुलाने वापरले, असे कोणी म्हणेल; आम्ही इतकेच म्हणू की भोक दाखवून 9 वर्षे झाली तरी लोकांनी ते बुजविले नव्हते.

बुजवावयाचे कसे, याचे गणित आपल्यास परके नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात प्रस्तार सांगितला आहे: एका अक्षराचे लघु-गुरू असे 2 प्रकार, दोन अक्षरांचे 4, तीनांचे 8, आणि अनुष्टुभाच्या आठ अक्षरांच्या चरणाचे 256. एकेक अक्षर वाढले की संख्या दुप्पट. लघु-गुरूऐवजी इंग्रजी वर्णमालेची 26 अक्षरे घेतली, तर ती प्रत्येक पायरीस सव्वीसपट होते. सहा अक्षरांचे प्रकार 30 कोटी 89 लाखांच्या वर जातात. यंत्राच्या वेगापुढे ही संख्या क्षुल्लक आहे. आठ अक्षरांचे 20,882 कोटी होतात. म्हणजे केवळ दोन अक्षरांनी संख्या 676 पट झाली. शब्दात एखादे विचित्र चिन्ह खोवून मिरविण्यापेक्षा तो लांबविणे अधिक गुणकारी, ते यामुळे. आणखी एक उपाय अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी 1995 साली प्रसिद्ध केला: 7,776 साध्या शब्दांची यादी करावी, फासे टाकून जो क्रमांक येईल तो शब्द घ्यावा, आणि असे काही शब्द एकापुढे एक मांडावेत. चारच शब्द घेतले तरी प्रकार 36 कोटी कोटींहून अधिक होतात, आणि चार शब्द ध्यानात राहतात. फासे कशासाठी, असे कोणी विचारील. मनाला विचारले तर मन ओळखीच्याच घरी जाते म्हणून. देवास कौल लावताना उत्तर आपल्या इच्छेबाहेरून यावे अशी आपली धारणा असते, तसेच काहीसे हे.

परंतु शंभरांतील शहाऐंशी जर चुकत असतील, तर दोष त्या शहाऐंशींचाच मानावयाचा काय? आमचे मत असे की नाही. या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने शब्द कसा असावा याविषयी काही नियम सुचविले, आणि जगभरच्या संस्थांनी ते उचलले: मोठे अक्षर हवे, आकडा हवा, चिन्ह हवे, आणि ठराविक दिवसांनी शब्द बदललाच पाहिजे. परिणाम काय झाला? माणसे शब्दाच्या शेवटी 1 लिहू लागली, पुढच्या खेपेस 2, आणि तेही ध्यानात राहीना तेव्हा चिठ्ठी यंत्रालाच चिकटवू लागली. 2017 साली त्याच संस्थेने आपले म्हणणे पालटले: शब्द फुटल्याचा पुरावा नसता तो उगाच बदलावयास लावू नये, लांबीवर भर द्यावा, आणि सर्रास वापरात असलेले शब्द यंत्रानेच नाकारावेत. मूळ नियम लिहिणारे बिल बर यांनी त्याविषयी जाहीर खंतही व्यक्त केली. माणसाच्या स्मरणशक्तीला न झेपणारा नियम करावयाचा आणि तो मोडला की त्याला बेजबाबदार ठरवावयाचे, हा अन्याय आहे. व्रताचे नियम सांगतानाही आपल्याकडे अशक्तास, वृद्धास, प्रवाशास सवलत सांगितलेली असते. संगणक चालविणाऱ्यांस हे शहाणपण पन्नासांहून अधिक वर्षांनी सुचले.

एका बाबतीत मात्र त्यांनी जे केले त्याला आम्ही मनापासून दाद देतो. 1966 सालची यादी फुटली ती मुळात यादी होती म्हणून. त्याच दशकात केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी अशी युक्ती वापरात आणली की यंत्राने शब्द जपून ठेवूच नये. त्याचे दळण करून ते पीठ तेवढे ठेवावे. पिठापासून दाणा परत घडविता येत नाही. माणूस पुन्हा आला आणि त्याने शब्द सांगितला, की तोही तसाच दळावयाचा आणि दोन पिठे ताडून पाहावयाची. मॉरिस आणि थॉम्पसन यांनी पुढे दळताना प्रत्येकाच्या शब्दात निराळी चिमूट टाकण्याची रीत काढली, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे निघावे. या चिमटीला त्यांनी ‘मीठ’ हेच नाव दिले; 4,096 प्रकारचे मीठ त्यांच्यापाशी होते! चोराच्या हाती पीठ लागले तर शब्दामागून शब्द दळून ताडण्याचा खटाटोप तो करू शकतो, म्हणून दाणा अवघड असावा हे राहतेच. पण सांगावयाची गोष्ट निराळी आहे. नीट चालविलेल्या विद्यापीठास आपल्या विद्यार्थ्याचा शब्द ठाऊक नसतो. तो विसरला तर कार्यालय त्याला जुना शब्द सांगू शकत नाही, नवा योजावयास लावते. ओळखणाऱ्याला गुपीत कळल्यावाचून ओळख पटते, ही घटना नीतिविचाराच्या दृष्टीने आम्हांस फार मोलाची वाटते. विश्वास टाकणे म्हणजे सारे सांगून मोकळे होणे, अशी आपली समजूत असते. येथे संस्था स्वतःहून म्हणते की मला सांगू नका, मला ते ठेवावयाचेच नाही. आणि म्हणूनच जो कोणी फोनवर ‘विद्यापीठातून बोलतो’ म्हणून तुमचा शब्द विचारतो, तो विद्यापीठाचा माणूस नव्हे. विद्यापीठाला त्याचे कामच नाही.

हल्ली एका शब्दावर न थांबता दुसरी खूणही मागतात: भ्रमणध्वनीवर आलेला एखादा अंक, किंवा जवळ बाळगावयाची एखादी किल्ली. एक खूण मनात, दुसरी हातात. ही नवी उपाधी म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी सुंदरकांड पुन्हा वाचावे. संन्याशाच्या वेषाने एकदा फसलेली सीता अशोकवनात हनुमंतावर एकदम विश्वास ठेवीत नाही. हाही वेष पालटून आलेला रावणच असावा असे तिला वाटते. रामाची लक्षणे आणि हकीगत तो सांगतो, आणि मग मुद्रिका पुढे करतो. परत पाठविताना तीही एकच खूण देत नाही. चूडामणी देते, आणि त्याबरोबर चित्रकूटावरील कावळ्याची कथा सांगते, जी राम आणि ती या दोघांसच ठाऊक होती. मणी वाटेत कोणी हिसकावून घेतला असता. कथा नुसती कोणी ऐकून आला असता. दोन्ही एकत्र आणणारा मात्र तिच्याकडूनच आलेला असणार.

विद्यार्थ्यांविषयी एवढे लिहिल्यावर आपल्या देवस्थानांविषयी दोन शब्द लिहिणे ओघानेच येते, कारण हीच मुले पुढे समित्यांवर येणार आहेत. देवाची तिजोरी एका किल्लीने उघडू नये, किल्ल्या दोघा-तिघा पदाधिकाऱ्यांपाशी वेगवेगळ्या असाव्यात, ही रीत आपल्याकडे अनेक ठिकाणी चालत आली. तिचा अर्थ महाजनांचा एकमेकांवर विश्वास नव्हता असा कोणी कधी केला नाही. आज देणगीच्या पावत्या, अभिषेकाची नोंद, बँकेचा व्यवहार संगणकावर गेला आहे, आणि त्या संगणकाचे खाते मात्र पुष्कळ ठिकाणी एकच असते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि पावत्या फाडणारा कारकून हे चौघे तेच उघडतात. शब्द मेजाच्या काचेखाली कागदावर लिहिलेला असतो, आणि तो बहुधा देवाचे नावच असतो. पाच वर्षांमागे पायउतार झालेल्या समितीसही तो ठाऊक असतो. वर्षाअखेर हिशोबात शंभर रुपयांची तफावत निघाली, तर नोंद कोणी बदलली हे ठरविण्यास कोणताच मार्ग नसतो, आणि ज्याच्यापाशी पदाचे वा घराण्याचे बळ नाही त्या कारकुनावर बोट जाते. प्रत्येक पदाधिकाऱ्यास आणि त्या कारकुनासही स्वतःचे वेगळे खाते द्यावे. समिती बदलली की जुनी खाती त्याच दिवशी बंद करावीत. यास फार तर एका दुपारचे काम आणि विद्यापीठात शिकणाऱ्या गावातील एखाद्या मुलाची मदत लागेल.